अकरा खिडक्या आणि एक वही

आमचे घर फोंडा तालुक्यातल्या एका गावात आहे. मूळ घर चिऱ्यांचे (म्हणजे जांभ्या दगडाचे), मंगलोरी कौलांचे आणि मधोमध राजांगण, म्हणजे आतले उघडे अंगण, असलेले. त्याला दक्षिणेच्या अंगाने वडिलांनी १९९४ साली स्लॅबच्या दोन खोल्या जोडल्या. दोन्ही भाग मिळून अकरा खिडक्या होतात, आणि गेली कित्येक वर्षे त्यांतली कुठली ना कुठली खिडकी घरात तक्रारीचा विषय झालेली असे. एक उघडत नव्हती, दुसरी लागत नव्हती, तिसरीतून पाणी येत होते, आणि चौथीच्या चौकटीत रात्री काहीतरी कुरतडल्याचा आवाज येतो, असे आई सांगत असे. "एकदाच काय त्या सगळ्या बदलून टाका," हा सल्ला मला इतक्या जणांनी दिला होता की तो महाग आहे, यापलीकडे त्यात काही खोट असेल असे मलाही वाटत नव्हते. प्रत्यक्षात अकरांपैकी पाच खिडक्या बदलल्या, दोन दुरुस्त केल्या आणि चार जवळजवळ जशाच्या तशा ठेवल्या. हा हिशेब कसा झाला, ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

सुरुवात चुकीने झाली, आणि ती चूक माझीच होती. २०१९ च्या मे महिन्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना, नव्या खोल्यांच्या पश्चिमेकडच्या दोन खिडक्या मी घाईघाईने काढून त्या जागी अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसवून घेतल्या. दर स्वस्त होता, काम एका दिवसात झाले आणि दिसायलाही त्या नीटनेटक्या दिसत होत्या. पहिल्याच जोराच्या पावसात रात्री दोन वाजता पलंगावर पाणी आले. टॉर्च लावून पाहिले, तर खालच्या ट्रॅकमध्ये काठोकाठ पाणी साचले होते आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी ते आतल्या बाजूने ओसंडत होते. सकाळी बाहेरून पाहिल्यावर कारण सापडले. ट्रॅकमधले पाणी बाहेर पडावे म्हणून चौकटीच्या खालच्या अंगाला लहान फटी ठेवलेल्या असतात. बसवणाऱ्या माणसाने त्या फटींतून पाणी आत येईल अशा समजुतीने त्या सिलिकॉनने काळजीपूर्वक बुजवून टाकल्या होत्या. मी छत्रीच्या एका मोडक्या काडीने त्या मोकळ्या केल्या, तेव्हा साचलेले पाणी गढूळ रेषेने भिंतीवरून खाली उतरले. त्याला फोन केला, तेव्हा "पावसात थोडे पाणी यायचेच" असे उत्तर मिळाले.

फटी मोकळ्या केल्यावर नेहमीच्या पावसात त्रास थांबला, पण पुरता नाही. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा सगळ्या फटी मोकळ्या असूनही दोन्ही खोल्यांत पाणी शिरले. याचे कारण मला फार उशिरा कळले, आणि ते कळल्यावर खिडकीकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. वारा भिंतीवर आदळतो तेव्हा बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढतो, आणि तो दाब ट्रॅकमधल्या पाण्याला आतल्या बाजूला वर ढकलतो. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब सुमारे १२ मिलिमीटर उंच पाणी तोलून धरतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला पाणी जवळजवळ ४७ मिलिमीटर वर चढू शकते. माझ्या खिडकीच्या ट्रॅकची आतली कड मी पट्टीने मोजली, तर ती जेमतेम २० मिलिमीटर भरली. ताशी पासष्ट किलोमीटरचा झोत तेवढ्याला पुरेसा आहे. खिडकी बिघडलेली नव्हती. पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर तिला लावायलाच नको होते, इतकेच.

पुढच्या वेळी घाई करायची नाही, असे ठरवले आणि २०२४ च्या पावसाळ्यात एक वही केली. प्रत्येक खिडकीला क्रमांक दिला, आणि पाऊस झाला की कुठल्या दिशेने होता, किती वेळ होता आणि ओल नेमकी कुठे दिसली, हे त्यात टिपून ठेवले. ओलीच्या कडेने खडूची रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी ती रेघ ओलांडली गेली का ते पाहायचे, एवढाच उद्योग होता. घरच्यांनी थट्टा केली, पण गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. इतका कसून तपासणारा परीक्षक दुसरा कोण मिळणार? मे महिन्यात कोरड्या भिंतीसमोर उभे राहून खिडकीचे दुखणे ओळखू पाहणारा माणूस बहुधा विक्रेत्याच्याच मताने चालतो.

वहीने पहिला धक्का दिला तो असा, की ज्या खिडक्यांबद्दल सर्वांत जास्त ओरड होती, त्यांतल्या एकीचा दोष खिडकीत नव्हताच. जुन्या घराच्या पश्चिमेला तीन खिडक्या आहेत. त्यांतल्या दक्षिणेकडच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात ओल दिसे, खाली नाही. पाणी तावदानातून आले असते तर ते आधी खाली दिसले असते. नवे बांधकाम जुन्या चिऱ्यांच्या भिंतीला जिथे टेकते, तिथे गिलाव्याला केसासारखी चीर गेली होती आणि तिथून शिरलेले पाणी चिऱ्यातून झिरपत चौकटीच्या डोक्यावर उतरत होते. चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि आपल्या सवडीने कुठेतरी सोडतो. ती खिडकी काढून लाखभराची नवी बसवली असती, तरी ओल तिथेच राहिली असती.

ज्यांना पावसाळाभर थांबणे शक्य नाही, त्यांनी नळीने पाणी मारून पाहावे, पण खालून वर जावे. आधी फक्त खिडकीच्या खालच्या उंबऱ्यावर दहा मिनिटे, मग दोन्ही बाजूंच्या सांध्यांवर, मग वरच्या सांध्यावर आणि शेवटी छज्जा जिथे भिंतीला मिळतो तिथे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरूनच ओघळते आणि चोर सापडत नाही.

दुसरी गोष्ट लाकडाची. जुन्या घराच्या सातही खिडक्या फणसाच्या लाकडाच्या आहेत. फणसाचा पिवळा गाभा वर्षानुवर्षे टिकतो आणि वाळवी त्याच्या सहसा वाटेला जात नाही. गाभ्याबाहेरचा फिका भाग मात्र ती आवडीने खाते. १९९४ च्या खोल्यांना, पैसे वाचवण्यासाठी, साध्या आणि बहुधा नीट न वाळवलेल्या लाकडाच्या खिडक्या केल्या होत्या. त्यांपैकी दक्षिणेच्या दोन शिल्लक होत्या, आणि आईला ऐकू येणारा आवाज खरा निघाला: चौकटीचा उभा खांब बाहेरून रंगाने गुळगुळीत, आतून पोकळ. म्हणजे घरातली सर्वांत जुनी लाकडे शाबूत आणि सर्वांत नवी गेलेली, अशी उलटी स्थिती होती.

लाकडाची परीक्षा करायला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. ज्या दिवशी मेस्त (आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात) आले, त्या दिवशी त्यांनी पश्चिमेच्या तीन जुन्या खिडक्यांवर तो नुसता टेकवत टेकवत नेला. शटरची खालची आडवी पट्टी आणि चौकटीचा खालचा कोपरा, या दोनच जागा त्यांनी बारकाईने पाहिल्या. पहिल्या दोन खिडक्यांत टोक पावबोटभर रुतले आणि थांबले. तिसरीत मात्र ते पिकलेल्या चिकूत जावे तसे मुठीपर्यंत गेले आणि बाहेर आले ते ओलसर तपकिरी भुशासकट. गंमत म्हणजे रंग सर्वांत चांगला याच खिडकीचा होता, कारण तिच्यावर मी दर दोन-तीन वर्षांनी, गणेशचतुर्थीच्या आधी, ऑइल पेंटचा एक हात देत आलो होतो. सांध्याच्या उघड्या टोकातून पाणी आत जात होते आणि बाहेरचे रंगाचे थर त्याला वाळू देत नव्हते.

पहिल्या दोन खिडक्यांची खालची पट्टी कापून त्या जागी जुन्याच फणसाचा तुकडा सांधून बसवला. बाकीचे शटर, बिजागऱ्या आणि गज जसेच्या तसे राहिले. हे काम करणारा मेस्त आता शोधावा लागतो, कारण तरुण मुले प्लायवूडच्या कपाटांकडे वळली आहेत, आणि दुरुस्तीची मजुरी ऐकून माणूस एकदा दचकतो. तरीही ती नव्या सागवानी खिडकीच्या तिसऱ्या हिश्शालाही पोहोचली नाही. तिसऱ्या खिडकीची चौकटच गेली असल्याने ती नवी करावी लागली. सागवानात, पण जुन्याच मापाची आणि जुन्याच घडणीची, कारण शेजारच्या दोन तशा होत्या.

पावसाळ्यात घट्ट होणाऱ्या खिडकीबद्दल मेस्त जे म्हणाले, ते मी वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवले आहे. जुलैत पूर्वेकडची एक खिडकी लागत नव्हती आणि मी त्यांना ती थोडी तासून द्यायला सांगितली. त्यांनी शटरवर हात फिरवला आणि म्हणाले, "आतां रंधो नाका. दिवाळी जातकच पळोवया." (आता रंधा नको. दिवाळी झाली की पाहू.) दमट हवेत लाकूड रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही, आणि हवा कोरडी झाली की पुन्हा आखडते. जुलैत तासलेली खिडकी जानेवारीत फट दाखवते, आणि मग पुढच्या पावसात त्याच फटीतून पाणी येते म्हणून ती बदलावी लागते. दिवाळीनंतर पाहिले, तर ती खिडकी आपसूक मोकळी झाली होती. बिजागरीचे दोन स्क्रू आवळले, आणि काम संपले.

पूर्वेच्या दोन्ही खिडक्या खोल पडवीत आहेत. त्यांच्यावर पाऊस कधी पडतच नाही, त्यामुळे त्या बदलण्याचा प्रश्नच नव्हता. राजांगणाच्या दोन खिडक्यांचे मात्र थोडे वेगळे आहे. त्यांच्या वरच्या भागात काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने आहेत: चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तळहातापेक्षा लहान चौकोन, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकावर एक किंचित चढवून बसवलेले. त्यांतून येणारा प्रकाश दुधासारखा असतो आणि उन्हाचा चटका आत येत नाही. हा शिंपला आपल्या झुवारी नदीच्या मुखाशी, चिखलीच्या खाडीत आजही सापडतो, पण तो आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे फुटलेल्या तावदानाच्या जागी नवे आणायचा मार्ग उरलेला नाही. दोन्ही खिडक्यांतले धड चौकोन काढून आम्ही एक खिडकी पुरी केली आणि दुसरीला वरच्या भागात धुरकट काच लावली. तुलना करायची नाही असे ठरवूनही ती रोज होते. याच खिडक्यांसाठी जुने सामान घेणारा एक माणूस दोनदा येऊन गेला. किनाऱ्याकडच्या हॉटेलांत अशा खिडक्या भिंतीला टांगून ठेवतात म्हणे. आईने त्याला चहा दिला आणि नकारही दिला.

आता ज्या खिडक्या बदलायच्याच होत्या, त्यांच्याविषयी. सागवानी एक वगळता उरल्या चार: दक्षिणेच्या वाळवीने खाल्लेल्या दोन आणि पश्चिमेच्या त्या स्लायडिंग दोन. या चारही जागी मी यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या खिडक्या घेतल्या. स्लायडिंग खिडकी कितीही मोठी घ्या, ती एका वेळी अर्धीच उघडते, आणि गोव्याच्या उकाड्यात अर्धी खिडकी बंद असणे परवडत नाही. दुसरे कारण वर सांगितलेल्या दाबाचे आहे. बाहेर उघडणारे शटर चौकटीवर बाहेरून टेकते. वारा जितका जोरात, तितके ते रबरावर घट्ट दाबले जाते. सरकणाऱ्या शटरला सरकण्यासाठी सैल राहावेच लागते. या झडपांची उणीव अशी, की उघडी राहिली आणि अचानक वावटळ आली तर बिजागरीवर सगळा भार येतो, म्हणून तिला धरून ठेवणारा दांडा चांगल्या प्रतीचा हवा. शिवाय गज आणि डासांची जाळी आतल्या बाजूला येतात, तेव्हा हात घालून झडप ओढून घेण्याची सोय आधीच ठरवून घ्यावी. आमच्याकडे माकडांचा उपद्रव असल्याने गजांना पर्याय नाही.

अॅल्युमिनियम वाईट, असे मला म्हणायचे नाही. चांगल्या जाडीचे आणि किमान ६० मायक्रॉन पावडर कोटिंग असलेले अॅल्युमिनियम उन्हात यूपीव्हीसीपेक्षा कमी हलते. दीड मीटरची यूपीव्हीसी चौकट तापमान तीस अंशांनी वाढले की सुमारे तीन मिलिमीटर वाढते, अॅल्युमिनियमची एकच मिलिमीटर. म्हणून यूपीव्हीसी भिंतीत ठासून बसवायची नसते. चारी बाजूंना फट ठेवून ती फोमने आणि बाहेरून सिलिकॉनने भरायची असते, आणि पश्चिमेच्या उन्हात गडद रंग घ्यायचा नसतो. समुद्रकाठी प्रश्न आणखी वेगळा. माझी बहीण मिरामारला राहते. तिच्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांना साधे लोखंडी स्क्रू लावले होते, तर काही वर्षांतच प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमली आणि धातू पोखरला गेला. दोन वेगळे धातू आणि खारी हवा एकत्र आले की असेच होते. तिथे स्टेनलेस स्टीलही ३१६ प्रतीचे मागावे. ३०४ वर तांबूस डाग येतात. दुहेरी काचेचा आग्रह विक्रेते फार करतात. दिवसभर एसी चालणाऱ्या किंवा हमरस्त्यालगतच्या खोलीत तिचा उपयोग असेल. खिडक्या वर्षातले दहा महिने उघड्या ठेवणाऱ्या घराला ती कशाला हवी, ते मला कळले नाही. साधी पाच मिलिमीटरची टफन्ड काच घेतली.

सर्वांत जास्त डोके खाल्ले ते बसवण्याच्या कामाने. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या चारही भिंती, वर स्लॅब असला तरी, चिऱ्यांच्याच आहेत. बसवणारी मुले लांब स्क्रू घेऊन आली आणि पहिलेच भोक पाडताच चिऱ्याचा मूठभर तुकडा खाली आला. मऊ चिऱ्यात स्क्रू धरत नाही, आणि आज धरल्यासारखा वाटला तरी खिडकी दोन-तीन वर्षे आपटल्यावर सैल होतो. काम थांबवून गवंड्याकडून प्रत्येक उघड्या चौकोनाभोवती चार इंची काँक्रीटचा पट्टा घालून घेतला, तो दहा दिवस भिजवला आणि मगच चौकटी बसवल्या. मुले वैतागली, कारण त्यांची एक फेरी फुकट गेली. तिचे पैसे मी दिले. जुन्या घरातल्या सागवानी खिडकीला मेस्तांनी पूर्वीच्याच रीतीने लोखंडी होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) लावून ते भिंतीतल्या खळग्यांत काँक्रीटने पक्के केले. तिथे आणखी एक धोका होता. जुन्या घरांत खिडकीवरचे चिरे लाकडी फळीवर टेकलेले असतात, आणि फळी कुजलेली असली तर तिचा भार नकळत चौकटीनेच घेतलेला असतो. आमची फळी मधे वाकलेली होती. आधी टेकू दिला, फळी बदलली आणि मग चौकट काढली.

उंबऱ्याकडे कुणीच लक्ष देत नाही. ग्रॅनाइटची लादी बाहेरच्या बाजूला उतरती हवी, भिंतीच्या बाहेर दीड-दोन इंच आलेली हवी, आणि तिच्या खालच्या अंगाला कडेजवळ एक उथळ खाच हवी, म्हणजे पाणी लादीच्या पोटाला चिकटून भिंतीकडे परत न येता खाचेपाशी तुटून थेंबाने खाली पडते. कटरने ती खाच पाडायला एका लादीमागे पाच मिनिटे लागली.

दर घेताना एवढेच पाहिले की चौरस फुटाच्या भावात काच, जाळी, जुनी खिडकी काढणे, भोवतालचा गिलावा आणि जीएसटी धरले आहेत की नाहीत. सर्वांत स्वस्त वाटलेला दर हे सगळे मिळवल्यावर तिघांत सर्वांत महाग निघाला.

वेळापत्रकाचे म्हणाल, तर आपल्याकडे सगळी कामे चतुर्थीच्या तोंडावर निघतात आणि तेव्हा नेमका पाऊस असतो. आम्ही दिवाळीनंतर लाकडाचे काम काढले, जानेवारीत यूपीव्हीसीची मागणी नोंदवली आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ती बसवून घेतली. एप्रिलअखेर सगळे संपवायचे, यावर मी अडून बसलो होतो आणि त्यासाठी घरात बोलणीही खाल्ली. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजीच केरळात पोहोचला आणि मे संपण्याआधी आमच्याकडे कोसळू लागला. त्या आठवड्यात शेजारच्या वाड्यावरच्या एका घराला दोन खिडक्यांच्या जागी ताडपत्री बांधलेली होती.

वही अजून चालू आहे. पश्चिमेच्या तिसऱ्या खिडकीखाली, नव्या सागवानी चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा रुपयाएवढी ओल दिसली. मी खडूने तिच्याभोवती रेघ मारून ठेवली आहे. आज सकाळपर्यंत तिने ती ओलांडलेली नाही.